भरतभेट : बाजू दुसरी

"कीर्तन म्हणजे बातमी काय गं?"

अप्पांनी चष्मा कपाळावर चढवला आणि दुसऱ्या कुणी बिघडवून ठेवलेला सदरा गिऱ्हाइकानं समोर टाकावा, तसं माझ्या लॅपटॉपकडे पाहिलं. लॅपटॉप त्यांच्या कापड बेतायच्या टेबलावर होता. एका बाजूला गजपट्टी, दुसऱ्या बाजूला खडूचे तुकडे. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं होतं, 'ताज्या बातम्या'. आणि त्याखाली, 'ह.भ.प. हरिबुवा कागवाडकर यांचे सुदामचरित्र, चैत्र १९७८'.

"पस्तीस वर्षांमागचं सुदामचरित्र आणि म्हणे ताजी बातमी! पोहे आत्ताच पोचले काय द्वारकेला?"

मला हसू आवरेना. अप्पा मात्र हसले नाहीत. टाचणी तोंडातून काढून त्यांनी उशीत टोचली आणि म्हणाले, "हसू नको. नीट सांग, असं का दिसतंय?"

ही गोष्ट दोन हजार तेरा सालची. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, जयसिंगपुरात आईपाशी राहून घरूनच वेबसाइट तयार करून द्यायची कामं करत होते. कुणाचं मंगल कार्यालय, कुणाचं ट्रॅक्टरचं दुकान. त्यात कुरुंदवाडच्या राममंदिरातल्या कीर्तनसभेचं काम आलं आणि खोटं कशाला सांगू, मी देवापुढे साखर ठेवली. मी कीर्तनाच्या मांडीवरच वाढलेली. सासरचा, माहेरचा, कुठलाही उत्सव असो, आई मला घेऊन पहिल्या रांगेत बसायची. झोप आली तरी डोळे मिटायचे नाहीत, असा तिचा दंडक. "बुवा उभे आहेत, आपण निदान बसून तरी जागं राहावं," म्हणायची.

सभेचे चिटणीस देशिंगकर सर हायस्कुलातून निवृत्त झालेले. त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. एक, पाडव्याला वेबसाइट सुरू झालीच पाहिजे, पत्रिकेत छापून झालंय. दुसरी, सगळी माहिती अप्पा बोंगाळ्यांकडे आहे, आणि अप्पांशी जपून.

अप्पा बोंगाळे देवळाच्या बोळातले शिंपी. वय बहात्तर. सभेच्या सगळ्या ध्वनिफिती त्यांनी जपलेल्या, आणि प्रत्येक कॅसेटमागे एक कार्ड. ही कार्डं म्हणजे सदऱ्याच्या आत घडी राहावी म्हणून घालतात ना तो पुठ्ठा, तो शिंप्याच्या कात्रीनं एका मापात कापलेला. अशी सहाशे बारा कार्डं लाकडी पेटीत उभी लावलेली. अक्षर असं की धावदोरा घातलाय.

"अप्पा," मी म्हणाले, "ही वेबसाइट ज्यावर बांधतात ना, त्यात मजकुराचे दोनच प्रकार तयार मिळतात. एक साधं पान, दुसरी बातमी. मी आपली घाईत बातमीत भरलीत कीर्तनं."

"म्हणजे शर्टाच्या मापावर झबलं बेतलंस."

"हो. पण आपल्याला हवा तो नवा प्रकार करता येतो. कीर्तन नावाचा. त्यात कुठले रकाने असावेत ते आपण ठरवायचं."

आता मात्र अप्पांनी स्टूल ओढून घेतलं. "मग आधीच का नाही बोललीस? माप घेतल्याशिवाय कात्री चालवायची नसते, बाई. घे लिहून."

पुढचे आठ-दहा दिवस मी रोज सकाळच्या एसटीनं कुरुंदवाडला जात होते. तसा आनंद मला त्या धंद्यात पुन्हा क्वचित मिळाला. एकेका रकान्यासाठी अप्पा भांडायचे. तारखेचा रकाना केला तर म्हणाले, "कीर्तन तिथीला होतं, तारखेला नाही." मग तिथीचा वेगळा केला. पूर्वरंगाचा विषय एका रकान्यात, उत्तररंगाचं आख्यान दुसऱ्यात. साथीला पेटीवर कोण, तबल्यावर कोण, झील कुणाची. झीलकरी म्हणजे बुवांच्या मागे उभं राहून ध्रुपद उचलून धरणारा. हरिबुवांच्या मागे वीस वर्षं झील धरली होती ती खुद्द अप्पांनी. तसं प्रत्येक कार्डावर होतंच, 'झील : बोंगाळे'. नुसतं आडनाव, पुढेमागे काही नाही.

कीर्तनकारांसाठीही आम्ही निराळा प्रकार केला. नाव, गाव, गुरू, फोटो. फोटोचा रकाना मी अनिवार्य ठेवला, कारण देशिंगकर सरांना फोटोशिवाय पान भकास वाटायचं. अनिवार्य म्हणजे तो भरल्याशिवाय माहिती साठवलीच जात नाही.

"आणि नसलाच फोटो तर?" अप्पा म्हणाले. "जुन्या अकरा बुवांचे फोटो कुणाकडेच नाहीत. त्यांची कीर्तनं काय पाण्यात सोडू?"

"मग अनिवार्यपणा काढते. एक खूण पुसली की झालं." मी त्यांच्यासमोरच ती खूण पुसली, आणि ज्यांचा फोटो नाही त्यांच्या जागी चिपळ्यांचं चित्र टाकलं. अप्पांना ते आवडलं.

शेवटी मी विचारलं, "आता कीर्तनकाराच्या रकान्यात किती नावं बसावीत? एकच, की जास्त?"

"हा काय प्रश्न झाला?"

"विचारावं लागतं. साथीदारांच्या रकान्यात कितीही बसतात."

अप्पांनी हातातलं काज करायचं थांबवलं. "मध्यंतरात बुवांच्या गळ्यात काय घालतात?"

"माळ."

"किती?"

"एक."

"ती माळ ज्याच्या गळ्यात, तो त्या दिवशी नारद. गादीवरून उतरेपर्यंत त्यानं माळ काढायची नाही, कुणाला वाकायचं नाही. उलट सगळ्यांनी त्याच्या पायावर डोकं ठेवायचं, जन्मदात्या बापानंसुद्धा. माळ एक, म्हणून कीर्तनकार एक. टाक एक."

मी एकचा आकडा टाकला. मनात आलं, धंदा शिकवणाऱ्यांनी मला कधी इतकं स्वच्छ कारण दिलं नव्हतं.

पाडवा नऊ दिवसांवर आला असताना कार्ड आलं भरतभेटीचं. एकोणऐंशी साल, चैत्र शुद्ध पंचमी, दुपारी चार. हरिबुवांचं शेवटचं कीर्तन. सगळे रकाने भरत गेले आणि झिलेपाशी थबकले.

"अप्पा, इथं झील रिकामी राहिलीय."

"राहू दे."

"तुम्हीच असणार की."

"राहू दे म्हटलं ना. तो रकाना अनिवार्य आहे काय?"

"नाही."

"मग झालं तर."

ते उठून कपड्याला पाणी मारू लागले, आणि मी सवयीप्रमाणे कॅसेटवरून उतरवलेलं ध्वनिमुद्रण कानाला लावलं. पहिल्या बाजूला पूर्वरंग. हरिबुवांचा आवाज म्हणजे जुन्या पितळी घंटेसारखा, थोडा चिरका पण घरभर राहणारा. दुसऱ्या बाजूला आख्यान. भरत चित्रकूटावर आला, लक्ष्मण संशयानं झाडावर चढला, रामानं त्याला खाली बोलावलं, दोघे भाऊ समोरासमोर आले. बुवा गद्यात सांगत होते.

"आणि भरत म्हणाला..."

थांबले. तबल्यावरचा ठेका हलका झाला.

"भरत म्हणाला..."

पुन्हा थांबले. पेटीनं सूर धरून ठेवला.

"भरत... भरत म्हणाला..."

मग काही नाही. चार-पाच आवर्तनं नुसता ठेका. काहीतरी खसखसलं. आणि एका दुसऱ्याच आवाजानं, अगदी हळू, जणू मघाचंच वाक्य पुरं करतोय असं, म्हटलं, "भरत म्हणाला, दादा, घरी चला."

तिथून पुढे चाळीस मिनिटं तोच आवाज. पदं त्याची, गद्य त्याचं. भरताची विनवणी, रामाचं नाही म्हणणं, पादुका मागणं. शेवटी सभामंडपात हुंदके ऐकू येत होते. आणि तो आवाज मी ओळखत होते. काजं करताना माझ्या समोर बसून रोज गुणगुणणारा.

मी कानातली वायर काढली. अप्पा इस्त्री करत होते.

"अप्पा, दुसऱ्या बाजूला तुम्ही आहात."

इस्त्री थांबली नाही. "बुवांना भाव दाटून आला. मला म्हणायला सांगितलं. दोन पदं म्हटली."

"चाळीस मिनिटं आहेत."

"दोन पदं," ते म्हणाले. "लोक तेच सांगतात, विचार कुणालाही."

त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी पुढचं कार्ड उचललं. पण घरी गेल्यावर मला राहवेना. मी माझ्या मनाशी विचार केला, एवढा मोठा माणूस, इतकं सुंदर कीर्तन, आणि नाव कुठंच नाही. झिलेतसुद्धा नाही. मला वाटलं, मी पुण्याचं काम करतेय. कीर्तनकाराच्या रकान्यातला एकचा आकडा काढून मी तिथं कितीही नावं बसतील असं केलं. यादीत एक नवं नाव घातलं, 'विठ्ठल नामदेव बोंगाळे, कुरुंदवाड'. भरतभेटीपुढे हरिबुवांच्या खाली ते निवडलं. आणि झोपले.

मला एक लक्षात राहिलं नाही. कीर्तनकारांची वर्णक्रमानं यादी करणारं पान मीच केलं होतं आणि ते आपोआप भरत होतं. सकाळी देशिंगकर सरांनी तपासायला म्हणून वेबसाइट उघडली तर त्या यादीत, मोठमोठ्या बुवांच्या पंगतीत, आपला बोळातला शिंपी चिपळ्यांच्या चित्रासकट बसलेला.

मी दुकानात पोचले तेव्हा सर दारातच उभे होते, वर्तमानपत्र बगलेत धरून. "काय अप्पाबुवा!" ते खोडसाळपणे म्हणत होते. "कीर्तनाची बिदागी काय घेता? का सदरा शिवून देता वरती?"

सर गेल्यावर अप्पांनी कार्डांची पेटी उचलली, झाकण लावलं, त्याला दोरी बांधली.

"अप्पा, ऐका तरी..."

"माझं नाव त्या यादीत तू घातलंस?"

"तुमचा आवाज आहे तिथं."

"आवाज झीलकऱ्याचाही असतो. उद्या कुणी विचारेल, एका कीर्तनाला दोन नावं का? तू काय सांगशील? बुवा विसरले म्हणून सांगशील? साठ वर्षं ज्यांच्या जिभेवर सरस्वती नाचली, त्यांचं शेवटचं कीर्तन म्हणजे त्यांचं विसरणं, असं साऱ्या जगाला दाखवशील?" ते इतकं एका दमात बोललेले मी कधी ऐकले नव्हते. "चौतीस वर्षं हे मी झाकलंय. तू एका रात्रीत उसवलंस."

"काढते मी नाव. आत्ता काढते."

"नाव काढ आणि ते कीर्तनही काढ. ते नाही लागायचं वेबसाइटवर. बाकीची कार्डं तुला पाडव्यानंतर मिळतील. मिळाली तर."

मी नाव काढलं. कीर्तन झाकून ठेवलं. दोनशेच्या वर कार्डं त्या दोरी बांधलेल्या पेटीत राहिली होती आणि पाडवा आठ दिवसांवर. पण खरं सांगते, मला पाडव्याची काळजी नव्हती. मी बाहेर देवळात जाऊन बसले आणि रामरायाला म्हटलं, मी कुणाचंतरी चांगलं करायला गेले, आणि तू माझ्याच हातून हे करवलंस. आता तूच बघ.

पुढचे पाच दिवस दुकानाला कुलूप. घरी जावं तर अप्पांची सून सांगायची, अप्पा बाहेर गेलेत. चपला मात्र दारात.

पाडव्याच्या दोन दिवस आधी सभामंडपात एक बाई भेटल्या. साठीच्या, नऊवारी, हातात बेळगावच्या दुकानाची पिशवी. आल्या आल्या त्यांनी मंडपाच्या खांबाला हात लावून नमस्कार केला आणि मला विचारलं, "तूच काय गं कॉम्प्युटरवाली? मी द्वारका. हरिबुवांची थोरली. दर वर्षी रामनवमीपर्यंतचे नऊ दिवस असते मी इथं. देशिंगकर सांगत होते, बाबांचं शेवटचं कीर्तन ऐकायला मिळणार म्हणून."

"ते... ते लावायचं नाही असं ठरलंय, ताई."

"कुणी ठरवलं?"

"अप्पांनी."

"हां," त्या म्हणाल्या आणि खांबाला टेकून बसल्या. "तुझ्याकडे आहे ना? ऐकव मला."

नाही म्हणायला जीभ उचलेना. कन्येला बापाचा आवाज कसा नाकारायचा? मी लॅपटॉप उघडला आणि मनात म्हटलं, देवा, निदान त्या जागी मंदिरात घंटा वाजू दे, कुणी मोठ्यानं बोलू दे. तसं काही झालं नाही. चैत्रातली दुपार, देऊळ शांत. हरिबुवा बोलत होते. द्वारकाताई डोळे मिटून ऐकत होत्या.

"भरत... भरत म्हणाला..."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहूच शकले नाही. मग ती चार आवर्तनं, नुसत्या ठेक्याची.

"आता माळ," द्वारकाताई म्हणाल्या.

"काय?"

"ऐक. ते खसखसलं ना? ती माळ."

आणि तो दुसरा आवाज सुरू झाला. द्वारकाताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोंडावर हसू होतं. "मी त्या खांबापाशी होते, बायकांच्या बाजूला पुढेच. बाबांनी स्वतःच्या गळ्यातली माळ काढली आणि मागे वळून अप्पांच्या गळ्यात घातली. लोकांना वाटलं प्रसाद दिला. बाबा तसेच उभे राहिले, चिपळ्या धरून, त्यांनी झील धरली. कळलं का तुला? बाबांनी अप्पांच्या मागे झील धरली. आरतीच्या आधी अप्पांनी ती माळ गुपचूप काढून पिशवीत घातली, तेही मी पाहिलं. कुठं आहे हा माणूस?"

"घरातच असतील. पण भेटत नाहीत."

"मला नाही भेटत? चल."

अप्पा माजघरात कार्डांच्या पेटीशेजारी बसले होते. द्वारकाताईंना पाहून उठू लागले तर त्या म्हणाल्या, "बसा. आणि मी सांगते ते ऐका. बाबांचं कीर्तन का काढायला लावलंत?"

अप्पांनी माझ्याकडे एक नजर टाकली. "द्वारका, तुला माहिती नाही..."

"मला सगळं माहिती आहे. बाबा विसरले. घरी महिना-दीड महिना आधीपासूनच विसरत होते. आई दारावर चिठ्ठ्या लावायची."

अप्पांचा चेहरा एकदम उतरला. ज्या गोष्टीवर त्यांनी चौतीस वर्षं पांघरूण घातलं होतं, ती त्या घरात सगळ्यांना ठाऊक होती.

"तरीपण," ते हळूच म्हणाले, "लोकांना कशाला? मी झीलकरी. झीलकऱ्यानं बुवांच्या पुढे जायचं नसतं. भरतानं कधी स्वतःला राजा म्हणवून घेतलं काय?"

"भरताचं मला नका सांगू, बाबांच्या मुलीला!" द्वारकाताई कडाडल्या. "पादुका दिल्या कुणी? रामानंच ना? आणि भरतानं त्या डोक्यावर घेतल्या, गावभर दाखवल्या, सिंहासनावर ठेवल्या. पिशवीत घालून नाही नेल्या!"

सुनेनं आणलेलं पन्ह्याचं भांडं तसंच हातात धरलेलं.

"तुम्हाला वाटतं, तुम्ही त्यांचं विसरणं झाकलं," द्वारकाताई आता हलक्या आवाजात म्हणाल्या. "त्यांचं देणं झाकलंत, अप्पा. माणूस सगळं विसरत चाललाय, पुढचा शब्द सुचत नाही, अशा वेळी त्याला एवढं सुचलं की माळ कुणाच्या गळ्यात घालायची. माझ्या बापानं आयुष्यात केलेलं सगळ्यात मोठं काम ते. आणि त्याची कुठं नोंदच नाही. शेवटी शेवटी त्यांना माझं नाव आठवत नव्हतं. पण रोज विचारायचे, 'बोंगाळे कीर्तनाला उभा राहिला काय?' मी खोटंच हो म्हणायचे."

अप्पांनी मान खाली घातली. त्यांचे हात पेटीच्या दोरीशी चाळा करत होते. मला एकदम त्या कार्डाची आठवण झाली.

"अप्पा," मी भीतभीतच म्हणाले, "हरिबुवांच्या प्रत्येक कार्डावर झील बोंगाळे आहे. त्याच एका कार्डावर नाही. का?"

ते पेटीकडे पाहत म्हणाले, "खोटं लिहवेना."

"म्हणजे त्या दिवशी तुम्ही झीलकरी नव्हता."

त्यांनी दोरी सोडली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. उरलेली कार्डं आम्ही तिघांनी बसून संपवली. द्वारकाताई वाचायच्या, मी भरायची, अप्पा चुका काढायचे. शेवटी भरतभेट. कीर्तनकाराच्या रकान्यात हरिबुवा, त्यांच्याखाली अप्पा. झील : हरिबुवा कागवाडकर. हे सांगताना अप्पांचा आवाज ओला झाला. मी आणखी एक रकाना जोडला, 'गादी कुणी दिली'. सहाशे बारा कीर्तनांत तो एकाच ठिकाणी भरला गेला. रिकामा असला की दिसतच नाही, म्हणून बाकीच्यांना त्याचा त्रास नाही.

"आता तुमची माहिती," मी म्हणाले. "नाव, गाव, गुरू हरिबुवा. फोटो?"

"माझा कुठला फोटो? टाक ते चिपळ्यांचं चित्र. मागे होतं तसं."

मी पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "नाही घेत हो, अप्पा. ते हयात नसलेल्यांसाठी चालतं. हयात कीर्तनकाराचा फोटो अनिवार्य आहे. गळ्यात माळ घालून, गादीवर उभे असतानाचा. त्याशिवाय पान साठतच नाही."

"मग काढ ना ती खूण."

"ती सरांनी आता लॉक केलीय."

"असं काय?" अप्पा म्हणाले. द्वारकाताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे.

"उद्या पाडवा," त्या म्हणाल्या. "सकाळी गावातल्या कुणीही अर्धा तास हजेरी लावायची, ही सभेची रीतच आहे. माळ मी आणीन. पण नुसत्या फोटोसाठी नाही घालणार हं मी. उभं राहायचं असेल तर घालीन."

अप्पांनी बराच वेळ गजपट्टी टेबलावर सरळ लावली, वाकडी केली, पुन्हा सरळ लावली.

पाडव्याला सकाळी मंडपात जेमतेम चाळीस माणसं होती. देशिंगकर सर पहिल्या रांगेत, गुढीची कडुनिंबाची पानं चावत तोंड वाकडं करून बसलेले. अप्पा स्वतः शिवलेला पांढरा अंगरखा घालून उभे राहिले. नमन, नामघोष, थोडकं निरूपण. आणि मग द्वारकाताईंनी पुढे होऊन त्यांच्या गळ्यात माळ घातली, बुक्का लावला. अप्पांनी मागे वळून पाहिलं. झिलेची जागा रिकामी होती. त्या रिकाम्या जागेकडे त्यांनी क्षणभर पाहिलं, मान लववली, आणि पुढे वळून आख्यान सुरू केलं. सुरुवातीपासून नाही.

"आणि भरत म्हणाला, दादा, घरी चला."

मी फोटो काढला तो तेव्हाच. माझा हात हलला की अप्पा हलले, ठाऊक नाही. फोटो जरा पुसट आलाय. हात वर गेलेला, माळ एका बाजूला उडालेली. तोच आजही वेबसाइटवर आहे. संपल्यावर सगळ्यात आधी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं ते देशिंगकर सरांनी, आणि बराच वेळ उचललं नाही.

पुढची सहा वर्षं अप्पांनी पाडव्याची हजेरी चुकवली नाही. मी त्या दिवशी कितीही काम असलं तरी जायची. त्यांच्या शेवटच्या आजारात भेटायला गेले तेव्हा बोलता बोलता मला राहवलं नाही. हात जोडून म्हटलं, "अप्पा, एक कबूल करायचंय. तो फोटो अनिवार्य नव्हता. कुणी काही लॉक केलं नव्हतं. मी देवळाच्या सावलीत बसून तुमच्याशी खोटं बोलले."

अप्पा गालातल्या गालात हसले. आवाज अगदी खोल गेला होता. "ती खूण तू माझ्यासमोर पुसलीस ना गं, अकरा बुवांसाठी? एकेक चिपळी मी मोजून घेतली होती."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"शिंपी माप घ्यायला पुढे आला," ते म्हणाले, "की आपण मुकाट हात वर करायचे असतात, बाई."